लॉन पिवळं पडलंय? आधी फूटभर खणून बघा

पत्र: बेळगावात अनगोळ शिवाराकडच्या नव्या ले-आऊटमध्ये आमचं घर आहे. बांधून दोन वर्षं झाली. नातवंडांना खेळायला म्हणून घरापुढं साधारण ६०० चौरस फूट जागा मोकळी ठेवली आणि गेल्या पावसाळ्याच्या तोंडाला नर्सरीतून मेक्सिकन गवताच्या चटया आणून अंथरल्या. श्रावणापर्यंत दृष्ट लागावी असं हिरवं होतं. मग शेवाळ धरलं, लव्हाळा आला, आणि दिवाळीपासून पिवळे पट्टे पडायला लागले. मी रोज संध्याकाळी पाणी घालते, महिन्याला युरिया टाकते. बागेत येणारा गडी म्हणतो, सगळं काढा, दोन ट्रॉली तांबडी माती टाका आणि नवीन गवत लावा. शेजारचे म्हणतात, वाळू मिसळा. यजमान म्हणतात, फरशी घाला आणि मोकळे व्हा. मी काय करू? आणि सासूबाईंचाही एक प्रश्न आहे. या लॉनमधल्या दूर्वा गणपतीला चालतील का?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर:

ताई, फरशी घालू नका. सगळं काढून नवीन गवतही अंथरू नका, निदान यंदा तरी. तुमच्या गवताला रोग झालेला नाही. ते ज्या मातीवर अंथरलंय तिच्यात त्याची मुळं शिरतच नाहीत, एवढंच त्याचं दुखणं आहे. तेच गवत पुन्हा विकत आणून त्याच मातीवर टाकलंत तर पुढच्या दिवाळीला मला हेच पत्र पुन्हा लिहावं लागेल तुम्हाला.

आधी एक काम करा. पिवळ्या पट्ट्यातल्या एखाद्या कोपऱ्यात फावड्यानं फूटभर लांब, फूटभर रुंद आणि फूटभर खोल खड्डा काढा. एक बाजू सरळ उभी तासा आणि खाली बसून ती नीट बघा. शिवारात बांधलेल्या घरांच्या अंगणात मी असे खड्डे बघितलेत, आणि बहुतेक ठिकाणी दिसतं ते असं: वर जेमतेम इंचभर तांबडी माती, म्हणजे नर्सरीच्या चटईबरोबर आलेली. पांढरी मुळं तेवढ्याच इंचात दाटून आडवी पसरलेली. त्याखाली राखाडी-पिवळसर, ढेकळांची, निर्जीव माती. तिच्यात विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे, क्वचित वाकलेला खिळा. आणि त्याच्याखाली, सहा-आठ इंचांवर, खरी काळी जमीन लागते. ती फोडून बघितली की तिच्यात बारीक तांबूस रेघा दिसतात, गंजाच्या रंगाच्या. त्या भाताच्या जुन्या मुळांच्या वाटा आहेत. पाण्यात उभ्या असलेल्या भाताच्या मुळाभोवती लोह जमतं, ते पीक गेल्यावरही वर्षानुवर्षं तसंच राहतं.

म्हणजे तुमच्या अंगणात तीन वेगवेगळ्या जमिनी एकावर एक बसल्यात आणि त्यांचं एकमेकींशी जुळत नाही. ही वेळ कशी आली ते समजून घेतलंत तर उपाय सांगायला मला फार शब्द लागणार नाहीत.

अनगोळ, वडगाव, शहापूर, येळ्ळूर या पट्ट्यातली काळी जमीन पिढ्यानपिढ्या भाताची. खरिपात बासमती, मागून त्याच ओलीवर मसूर. भाताची रोप लावण करायच्या आधी शेतकरी चिखलणी करतो. बैल फिरवून, हल्ली ट्रॅक्टर घालून, माती पाण्यात पार कालवून टाकतो. पाणी खाली जिरू नये, बांधात तुंबून राहावं म्हणूनच ते करायचं असतं. मातीचे कण सुटे होतात, बारीक गाळ खाली बसतो आणि नांगराच्या फाळाखाली एक टणक थर तयार होतो. भाताला तो थर हवाच असतो. लॉनच्या गवताला मात्र तोच नको असतो.

मग त्या शेताचा प्लॉट झाला. पाया खोदताना तीन-चार फुटांखालची माती वर आली, आणि कंत्राटदारानं तीच पसरून अंगणाची लेव्हल केली. खालची माती म्हणजे जिच्यात कुजलेला पाला, गांडूळ, जिवाणू नावालाच. तिच्यावरून जेसीबी फिरला, खडीचे टिप्पर फिरले, काँक्रीटचा मिक्सर धुतला गेला. पिवळे पट्टे भिंतीलगत आणि जुन्या मिक्सरच्या जागी जास्त आहेत का, ते जरूर बघा. सिमेंटनं मातीचा सामू (पीएच, म्हणजे माती आंबट की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) चढतो आणि सामू चढला की मातीत लोह असूनही गवताला ते घेता येत नाही. अशा ठिकाणी कोवळं पान पिवळं पडतं पण शिरा हिरव्या राहतात. तिथं खतं घालून काही होत नाही, गोळे वेचून काढावे लागतात. तोवर तात्पुरता उतारा म्हणून लिटरला ५ ग्रॅम फेरस सल्फेट घालून सकाळी फवारा. फक्त ते पाणी फरशीवर पडू देऊ नका, गंजाचे डाग पडतात आणि ते जात नाहीत.

आता तुमच्या गड्याचा सल्ला. दोन ट्रॉली तांबडी माती. तो बिचारा मनापासून सांगत असेल, कारण खानापूरकडची ती भुसभुशीत तांबडी माती हातात घेतली की कुणालाही बरी वाटते. पण मोकळी माती घट्ट मातीवर पसरली की पाणी दोन्हींच्या सांध्यावर अडतं. खालच्या घट्ट मातीत ते फार सावकाश उतरतं, म्हणून वरची माती पार थबथबते. चटईच्या त्या एका इंचानं तुमचं हेच केलंय. पावसाळ्यात मुळं पाण्यात, म्हणून शेवाळ. पाऊस गेला की तो इंच दोन दिवसांत सुकतो, म्हणून दिवाळीला पिवळं. आणखी सहा इंच टाकलेत तर तोच प्रकार सहा इंचांत होईल, शिवाय अंगणाची पातळी जोत्याच्या वर जाऊन घराच्या भिंतीला ओल येईल ती वेगळीच.

शेजाऱ्यांच्या वाळूचंही तसंच. चिकण मातीत थोडी वाळू मिसळली तर ती मोकळी होत नाही. वाळूच्या खड्यांमधल्या फटी चिकण माती भरून काढते आणि सुकल्यावर जवळजवळ वीट तयार होते. वाळूचा गुण यायचा तर तिचं प्रमाण निम्म्याहून जास्त लागतं. तेवढी वाळू ६०० चौरस फुटांना आणायची तर तो खर्च नुसता पाण्यात. वाळूचा उपयोग एका ठिकाणी आहे, तो पुढं सांगते.

आत्ता फाल्गुन चाललाय. तुमची काळी माती तुमचं अर्धं काम फुकट करून देईल अशी ही वेळ आहे, पण तुम्ही रोज संध्याकाळी पाणी घालून तिला ते करू देत नाही. काळी जमीन ओली झाली की फुगते, सुकली की आकसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या तुम्ही बघितल्या असतीलच. त्या भेगा म्हणजे जमिनीनं स्वतःच स्वतःची केलेली नांगरट. भाताच्या तळाचा तो टणक थरही तिथं फाटतो. म्हणून आजपासून पाणी तोडा. गवत वाळेल. वाळू दे. मेक्सिकन गवत आणि हरळी, दोन्ही तपकिरी पडतात पण खालचे धागे जिवंत राहतात. पंधरा-वीस दिवसांनी एकदा भरपूर भिजवलंत तरी पुष्कळ झालं. चैत्रात भेगा पडल्या की बारीक चाळलेलं, पूर्ण कुजलेलं खत वर पसरून उलट्या झाडूनं भेगांमध्ये ढकलायचं. जेवढं आत जाईल तेवढं जाऊ दे. वळवाचा पहिला पाऊस पडला की माती फुगून भेगा मिटतील आणि खत फूटभर खाली अडकून राहील. कुठल्याही यंत्रानं हे इतकं चांगलं होत नाही. फक्त घराच्या पायालगतचे दोन-तीन फूट अधूनमधून ओलसर ठेवा, तिथं मोठ्या भेगा नकोत.

जिथं वर पायातून निघालेल्या मातीचा थर जाड आहे तिथं भेगा नीट पडणार नाहीत. तिथं पहार वापरा. वळवाचा एखादा पाऊस होऊन गेल्यावर जमिनीला वाफसा आला, घात आली, म्हणजे मूठभर माती दाबली तर गोळा होतो आणि बोटानं टिचकी मारली तर फुटतो, अशा दिवशी दीड-दीड फुटावर पहारीनं सव्वा फूट खोल भोकं पाडा. पहार गरागरा फिरवून भोक तीन बोटं रुंद करा. त्यात निम्मं खत, निम्मी जाड वाळू भरा. वाळूचा उपयोग म्हणत होते तो हा. मातीत कालवायची नाही, उभ्या नळीसारखी भरायची, म्हणजे पाणी आणि मुळं दोन्ही त्या वाटेनं खाली जातात. मधल्या जागेत बागेच्या काट्यानं चार-पाच इंचांवर चार इंच खोल टोचून घ्या. ओल्या चिखलात हे करू नका, भोकाच्या भिंती लिंपल्यासारख्या बंद होतात. खडखडीत वाळल्यावरही नको, कारण काटा वाकेल आणि तुमचा हातही.

त्याच दिवशी अंगणाचा उतार बघून घ्या. घरापासून फाटकाकडे दहा फुटांना अडीच इंच उतार हवा. बेळगावात आषाढात जी झड लागते तिच्यात सपाट अंगण म्हणजे खाचरच. आणि पागोळ्या कुठं पडतात? छपराचं पाणी थेट लॉनवर पडत असेल तर त्या रेषेत माती ठोकली जाऊन दगड होते. तिथं फूटभर रुंद चर खणून खडी भरा आणि पाणी गटाराकडे न्या, किंवा गच्चीचं पाणी पाइपनं विहिरीत सोडा.

खत किती? पाव इंच जाडीचा थर. ६०० चौरस फुटांना साडेबारा घनफूट, म्हणजे ब्रासचा आठवा हिस्सा, साधारण २५ घमेली. एवढं वर्षातून दोनदा, एकदा चैत्र-वैशाखात आणि एकदा पावसाळा ओसरल्यावर. एकदम दोन इंच टाकून गवत पुरू नका. पात्यांची टोकं वर दिसत राहिली पाहिजेत. गांडूळ खत उत्तम, घरचं पालापाचोळ्याचं खत त्याहून उत्तम. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने पुष्कळ, त्यामुळे मळीचं, म्हणजे उसाचा रस गाळल्यावर उरणाऱ्या गाळाचं, खतही मिळतं. ते चालेल, पण वर्षभर कुजलेलं, वास न येणारं, हाताला गार लागणारं. मुठीत धरल्यावर कोमट लागलं तर ते अजून कुजतंय, परत पाठवा.

आणि कच्चं शेण काहीही झालं तरी नको. हे मी जरा ठासून सांगते. कच्च्या शेणाबरोबर तणाचं बी येतंच, पण त्याहून वाईट म्हणजे हुमणी ही मुळं खाणारी कीड येते. उसाला आणि भुईमुगाला लागते तीच. वळवाच्या पहिल्या पावसानंतर संध्याकाळी तिचे तपकिरी भुंगे जमिनीतून निघून कडुलिंब-बाभळीवर बसतात, पाला खातात आणि मग मातीत अंडी घालतात. कच्चं शेण असलेली जागा त्यांना फार आवडते. आषाढ-श्रावणात पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या अळ्या मुळं कुरतडतात. वरून गवत नुसतं मलूल दिसतं, पण हातानं ओढलं तर चटई गुंडाळल्यासारखं उचलून येतं. शंका आली तर एक फूट बाय एक फूट तुकडा उचलून अळ्या मोजा. एक-दोन सगळीकडे असतात. पाच-सहाहून जास्त असतील तर मेटारायझियम ही बुरशी खतात मिसळून ओल्या मातीत द्या, उसाच्या शेतकऱ्यांना ती माहीत आहे आणि कृषी दुकानात मिळते. त्याहून सोपं म्हणजे वळीव पडल्यावर आठवडाभर संध्याकाळी कडुलिंबाच्या फांद्या हलवून भुंगे रॉकेल टाकलेल्या पाण्याच्या बादलीत पाडायचे. गल्लीतली मुलं हे काम आनंदानं करतील.

मातीची तपासणी करून घ्या. आठ-दहा ठिकाणांहून सहा इंच खोलीपर्यंतची माती घ्या, एकत्र करा, खडे-मुळं काढा, सावलीत वाळवा आणि त्यातली अर्धा किलो पिशवीत भरून आपल्या होबळीच्या, म्हणजे तालुक्याच्या पोटविभागाच्या, रयत संपर्क केंद्रात (कृषी खात्याच्या कार्यालयात) चौकशी करा. बैलहोंगल तालुक्यात मत्तीकोपला कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथंही विचारता येईल. अहवाल कन्नडमध्ये आला तरी बावरू नका, तुम्हाला तीन आकडेच बघायचेत. सामू ६ ते ७.५ असेल तर गवताला काही अडचण नाही, ८.५ च्या वर असेल तर मला पुन्हा लिहा. क्षारता १ च्या आत असावी. आणि सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पाल्या-खतातून मातीत आलेला कार्बन, माझ्या मते हाच सगळ्यात महत्त्वाचा आकडा. ०.५ टक्क्याच्या खाली म्हणजे कमी, ०.७५ च्या वर म्हणजे चांगला. तुमचा ०.५ च्या बराच खाली येईल असा माझा अंदाज आहे. चुना किंवा जिप्सम या अहवालाशिवाय टाकू नका. कुणाच्या तरी अंगणात गुण आला म्हणून आपल्याही टाकायची ती वस्तू नाही.

युरियाबद्दल थोडक्यात. त्यात ४६ टक्के नत्र असतं, त्यामुळे तो टाकला की चार दिवसांत हिरवा रंग चढतो आणि आपल्याला वाटतं काम झालं. पण वरचं पान वाढतं, मुळं वाढत नाहीत. ६०० चौरस फुटांना एका वेळी अर्धा किलो ही वरची मर्यादा समजा. तेही गवत जोमात वाढत असताना, पावसाळ्याच्या सुरुवातीला एकदा आणि पाऊस ओसरताना एकदा. थंडीत आणि कडक उन्हात बिलकुल नाही. दर महिन्याला टाकताय ते आजच बंद करा.

पाण्याचं गणित मात्र समजून घ्या, कारण आपल्याकडे उन्हाळ्यात शहराला पाणी देणाऱ्या राकसकोपच्या धरणाची पातळी किती फुटांवर आली हे लोक रोज पेपरात वाचतात, आणि अशा दिवसांत लॉनवर नळाचं पाणी सोडणं मला बरोबर वाटत नाही. वाढीच्या दिवसांत गवताला आठवड्याला इंचभर पाणी पुरतं, त्यात पावसाचंही धरायचं. ६०० चौरस फुटांना इंचभर म्हणजे सुमारे १,४०० लिटर. ते दोन वेळात विभागून द्या. रोज थोडं शिंपडलं की वरचा अर्धा इंचच ओला होतो, मुळं वरच राहतात, आणि संध्याकाळी पान ओलं राहिलं की बुरशीचं फावतं. सकाळी द्या. किती पडलं ते कळायला लॉनवर चार ठिकाणी रिकाम्या वाट्या ठेवा आणि पाणी पट्टीनं मोजा. पाणी द्यायची वेळ गवतच सांगतं: रंग किंचित निळसर-राखाडी होतो आणि चालल्यावर पावलांचे ठसे उमटून राहतात. तोवर थांबा. तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी खुशाल घाला. वॉशिंग मशीनचं आणि पाण्याच्या फिल्टरमधून वाया जाणारं पाणी काळ्या जमिनीला देऊ नका. साबणातला सोडियम चिकण मातीचे कण विस्कटून टाकतो आणि माती आणखी घट्ट होते.

कापणी कोण करतं हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण गडी उसाच्या बांधावरचं पेट्रोलचं मशीन आणून गवत खरवडून काढत असेल असं मला वाटतं. बहुतेक ठिकाणी तसंच चालतं. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही. दीड ते दोन इंच उंची राहू द्या. वर जेवढं पान तेवढं खाली मूळ. आणि कापलेलं गवत गोळा करून गटारात टाकू नका. ते बारीक असेल तर तिथंच राहू द्या, दोन आठवड्यांत दिसेनासं होतं आणि गवताला लागणाऱ्या नत्राचा जवळपास चौथा हिस्सा त्यातूनच परत मिळतो. मशीनचं पातं बोथट असेल तर पात्यांची टोकं चिरून पांढरट पडतात. तेवढं धार लावून घ्यायला सांगा.

लव्हाळा पाणथळ जागेचा सोबती. निचरा सुधारला की त्याचा जोर कमी होतो. वरून उपटला तर खालच्या गाठी तशाच राहतात आणि एकाचे चार होतात. पाऊस पडून माती मऊ असताना खुरप्यानं गाठीसकट काढायचा, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा. एका पावसात जाणार नाही, पण नेटानं काढत राहिलात तर आटोक्यात येईल. उसातल्या लव्हाळ्यावर मारतात ते औषध कुणीतरी सुचवेल. नातवंडं जिथं अनवाणी लोळतात तिथं ते मारावं असं मी म्हणणार नाही. शेवाळाला खरा उतारा म्हणजे ऊन आणि निचरा.

वैशाखानंतर जे टक्कल राहील तिथं काय लावायचं? हरळी. नर्सरीत तिचंच निवडलेलं बारीक पानाचं वाण ‘सिलेक्शन वन’ म्हणून मिळतं. मेक्सिकन दिसायला गोजिरं, पण सावकाश वाढतं, गाद्यांसारखे उंचवटे धरतं आणि मुलांच्या खेळानं उखडलं तर भरून यायला महिने लागतात. हरळी आपल्या बांधावर न बोलावता येते, शेतकरी तिच्यावर वैतागतो, आणि तोच चिवटपणा आपल्याला हवाय. चटया घेऊ नका. मुळासकट काड्या आणा आणि तीन-चार इंचांवर टोकणी करा, म्हणजे मधे परक्या मातीचा थर येणार नाही. मृगात लावलंत तर आषाढातल्या पावसात उघडी माती वाहून जायची भीती असते, म्हणून मी श्रावणसरी सुरू झाल्यावर लावा म्हणेन. दसरा-दिवाळीपर्यंत बरंचसं झाकलं जाईल. आंब्याच्या किंवा कंपाऊंडच्या दाट सावलीत, जिथं सहा तास ऊन नाही, तिथं हरळीचा हट्ट धरू नका. तिथं पालापाचोळा पसरून ठेवा, तोच पुढच्या वर्षीचं खत.

खानापूर, जांबोटी भागातल्या वाचकांनी यातलं भेगांचं प्रकरण सोडून द्यावं. तुमच्या जांभ्याच्या तांबड्या मातीला भेगा पडत नाहीत, निचरा चांगला आहे, पण मुसळधार पावसात सगळा कस धुऊन जातो आणि माती आंबट होते. सामू ५.५ च्या खाली आला तर अहवालात सांगतील तेवढा चुना पावसाळ्याच्या आधी दोन-तीन महिने मातीत मिसळायचा, आणि खत एकदम न देता थोडं थोडं, जास्त वेळा द्यायचं. खत मात्र तुम्हालाही तेवढंच लागतं, किंबहुना जास्तच.

आता सासूबाईंचा प्रश्न. मेक्सिकन गवत म्हणजे दूर्वा नव्हेत, ते वेगळं गवत आहे. पण टक्कल पडलेल्या जागी हरळी लावलीत तर त्याच दूर्वा. पूर्वेच्या कोपऱ्यातला चार फूट बाय चार फूट तुकडा त्यांच्यासाठी राखून ठेवा. तिथं युरिया नाही, कसलंही फवारण नाही, आणि चतुर्थीच्या आधी तीन-चार आठवडे मशीन फिरवायचं नाही, म्हणजे तीन पानांचे लांब तुरे येतील. यंदाची चतुर्थी त्या कोपऱ्याला जरा लवकर होईल, कारण टोकणी श्रावणातली. यंदा दूर्वा येळ्ळूरच्या एखाद्या बांधावरून आणा, आणि आणताना मुळासकट मूठभर जास्त आणा. त्याच त्या कोपऱ्यात लावता येतील.